तळटीप आहे, पान कुठे गेलं?

मुलांना हिंसक व्हिडिओ गेम विकायला बंदी घालणारा कॅलिफोर्निया राज्याचा कायदा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये रद्द केला. त्या निकालाला न्यायमूर्ती सॅम्युएल अलिटो यांनी आपलं स्वतंत्र मत जोडलं आणि एका तळटीपेत एका वेबसाइटचा पत्ता दिला. पुढे ती साइट बंद पडली. तिचं नाव बाजारात मोकळं झालं आणि कुणीतरी ते विकत घेऊन तिथे स्वतःचं पान चढवलं. त्या पानाचा आशय असा होता: सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात तुम्ही या पानाचा संदर्भ दिला नाही हे बरं झालं; अलिटोंसारखा दिला असता, तर मूळ मजकूर केव्हाच नाहीसा झाला असता आणि कुणी तिसऱ्यानेच येऊन इथे इंटरनेटच्या क्षणभंगुरतेवर शेरा मारून ठेवला असता.

खोडी झकास होती. पण सर्वोच्च न्यायालयाचा निकाल पुढची कित्येक दशकं वकील, न्यायाधीश आणि विद्यार्थी वाचत राहतात. 'माझ्या शब्दावर जाऊ नका, इथे जाऊन स्वतः बघा' एवढंच तळटीपेला सांगायचं असतं. वाचक तिथे गेला आणि भलतंच पान समोर आलं, तर लेखकाने सांगितलं ते मुकाट्याने खरं मानण्यावाचून त्याच्यापाशी उपाय राहत नाही. असं किती वेळा होतं, हे मोजायचं काम गेल्या दहा-पंधरा वर्षांत विद्यापीठांच्या ग्रंथालयांमधून झालं. त्यातून आलेले आकडे मराठीत लिहिणाऱ्या-वाचणाऱ्यांनाही काळजीत टाकणारे आहेत.

ग्रंथपालांचा यात काय संबंध?

ग्रंथपाल म्हटलं की पुस्तकाच्या शेवटच्या पानावर तारखेचा शिक्का मारणारी व्यक्ती डोळ्यांसमोर येते. विद्यापीठातल्या ग्रंथपालाचं काम त्याहून बरंच मोठं असतं. अमेरिकेतल्या अनेक विद्यापीठांत त्यांना प्राध्यापकांसारखा दर्जा असतो आणि स्वतः संशोधन करून ते छापणं हा नोकरीचाच भाग असतो. त्यांच्या संशोधनाचे विषय बाहेरच्यांना रुक्ष वाटतात: कोणतं नियतकालिक कुठे साठवलंय, स्कॅन केलेल्या पुस्तकाची नोंद बरोबर आहे का, दहा वर्षांपूर्वीची लिंक आज उघडते का. पण बाकी सगळ्यांचं संशोधन याच रुक्ष गोष्टींवर उभं असतं.

अलिटोंच्या तळटीपेसारखी प्रकरणं अपवादात्मक आहेत की नेहमीची, हे हार्वर्डच्या कायदा महाविद्यालयातल्या जोनाथन झिट्रेन, केंड्रा अल्बर्ट आणि लॉरेन्स लेसिग यांनी तपासलं. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांत दिलेल्या लिंकांपैकी सुमारे निम्म्या लिंका मूळ मजकुरापर्यंत पोचत नव्हत्या. हार्वर्ड लॉ रिव्ह्यू आणि तिथल्याच आणखी काही नियतकालिकांत हे प्रमाण ७० टक्क्यांच्या वर निघालं. झिट्रेन तेव्हा तिथल्या ग्रंथालयाचेही प्रमुख होते. त्या ग्रंथालयाने २०१३ मध्ये पर्मा डॉट सीसी ही सेवा सुरू केली. लेखकाने तिला लिंक दिली की ती त्या क्षणी पान जसं असेल तशी त्याची प्रत काढते आणि एक नवा छोटा पत्ता देते. मूळ साइट बुडाली तरी ही प्रत ग्रंथालयाच्या जबाबदारीवर राहते.

उघडणारी लिंक जास्त धोक्याची

लिंक दोन तऱ्हांनी निकामी होते. पान सापडतच नाही, ही पहिली तऱ्हा आपल्या सगळ्यांच्या परिचयाची आहे. दुसऱ्या तऱ्हेत पान व्यवस्थित उघडतं, पण त्यावरचा मजकूर मधल्या काळात बदललेला असतो. या दोन्हींना मिळून अभ्यासक संदर्भ कुजणं म्हणतात.

अमेरिकेतल्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेच्या संशोधन ग्रंथालयातले मार्टिन क्लाइन, हर्बर्ट व्हान डे सोंपेल आणि सहकाऱ्यांनी १९९७ ते २०१२ या काळातले विज्ञान, तंत्रज्ञान आणि वैद्यकातले सुमारे ३५ लाख लेख चाळले. दर पाच लेखांतल्या एका लेखाचे संदर्भ कुजलेले होते. हा अभ्यास २०१४ चा. दोन वर्षांनी त्यांच्याच गटाने मजकूर बदलण्याचा प्रश्न वेगळा काढून तपासला, तेव्हा दर चारातले तीन संदर्भ बदललेल्या मजकुराकडे नेताना आढळले.

मला हा दुसरा निष्कर्ष जास्त अस्वस्थ करतो. पान सापडलं नाही तर निदान वाचक सावध होतो. समजा, एखाद्या विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधात शेतकऱ्यांच्या एखाद्या सरकारी योजनेचे निकष लिहिले आणि खात्याच्या साइटची लिंक दिली. तीन वर्षांनी निकष बदलले, खात्याने त्याच पानावर नवे निकष चढवले, जुने पुसले. आता परीक्षक लिंक उघडतो, निकष वेगळेच दिसतात आणि खोटा ठरतो तो विद्यार्थी.

यात बहुतेक वेळा कुणाचा दुष्टावा नसतो. साइटचं नूतनीकरण होतं आणि जुने पत्ते नव्या रचनेत बसत नाहीत. प्रकल्पाचं अनुदान संपतं, साइटच्या नावाचं वार्षिक शुल्क भरायला कुणी उरत नाही. साइट सांभाळणारे प्राध्यापक निवृत्त होतात आणि पासवर्ड त्यांच्याबरोबर जातो. अमेरिकेतल्या प्यू रिसर्च सेंटरने २०२४ मध्ये सांगितलं, की २०१३ साली अस्तित्वात असलेल्या वेबपानांपैकी ३८ टक्के पानं दहा वर्षांनी उघडत नव्हती. विकिपीडियाच्या ५४ टक्के पानांवर संदर्भयादीत निदान एक मेलेली लिंक होती.

'पण डीओआय असतो ना?'

संशोधन क्षेत्रातले लोक इथे पहिला आक्षेप घेतील. गंभीर नियतकालिकं साधी लिंक देत नाहीत, डीओआय देतात. डीओआय म्हणजे लेखाला कायमचा मिळालेला, '१०'ने सुरू होणारा ओळखक्रमांक.

तो कसा चालतो ते पाहू. तुमच्या फोनमध्ये 'सुरेश प्लंबर' या नावाने एक नंबर साठवलेला असतो. सुरेशने नंबर बदलला आणि तुम्ही यादीत नवा नंबर टाकलात, की तुमच्या दृष्टीने काहीच बदललेलं नसतं; नाव तेच, फोन लागतो. डीओआय म्हणजे ते नाव. लेखाचा वेबपत्ता बदलला की प्रकाशकाने मध्यवर्ती यादीत नवा पत्ता भरायचा. पण ही यादी आपोआप बदलत नाही. आणि सुरेश धंदा बंद करून गावी गेला असेल, तर यादीत नाव कितीही नीट असलं तरी नळ गळतच राहणार.

आपल्याकडच्या शोधगंगेवर प्रबंध पाहिला असेल, तर त्याच्या कायम पत्त्यात १०६०३ हा आकडा दिसला असेल. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या संस्थेचा हा संग्रह आहे आणि तो आकडा 'हँडल' नावाच्या व्यवस्थेतला आहे. डीओआयही याच व्यवस्थेवर चालतो. शोधगंगेचं बरं इतकंच, की तिथे पत्ता देणारा आणि प्रबंध सांभाळणारा एकच आहे. नियतकालिकांच्या बाबतीत तसं नसतं.

लंडनच्या बर्कबेक महाविद्यालयातले मार्टिन ईव्ह हे पेशाने साहित्याचे प्राध्यापक. त्यांनी जानेवारी २०२४ मध्ये ग्रंथालयशास्त्राच्या एका नियतकालिकात एक मोठी मोजणी प्रसिद्ध केली. सुमारे ७४ लाख डीओआय घेऊन त्यांनी एकेका लेखाबद्दल पाहिलं, की मोठ्या जतनसंस्थांपैकी, म्हणजे प्रकाशकाबाहेर लेखांच्या प्रती कायम सांभाळणाऱ्या संस्थांपैकी, कुणाकडे याची प्रत आहे का. सुमारे ५८ टक्के लेख निदान एका ठिकाणी सापडले. जवळपास १४ टक्के लेख फार नवे होते, किंवा नियतकालिकातले नव्हते, किंवा त्यांची माहितीच अपुरी होती, म्हणून ते हिशेबातून वगळले. उरलेले सुमारे २८ टक्के, म्हणजे २० लाखांहून अधिक लेख, कोणत्याच जतनसंस्थेत दिसले नाहीत.

या आकड्याचा बातम्यांतून थोडा विपर्यास झाला. हे २० लाख लेख गायब झालेले नाहीत. त्यातले बहुतेक आज प्रकाशकाच्या साइटवर उघडतील, काही लेखकांच्या विद्यापीठांच्या संग्रहातही असतील. आकडा सांगतो तो असा, की प्रकाशक उद्या बुडाला तर दुसरी प्रत सांभाळायला कुणी बांधील नाही. क्रॉसरेफ ही डीओआय देणारी मोठी संस्था. लेख बाहेरच्या जतनसंस्थेत ठेवायचा प्रयत्न करावा, असं तिच्या सभासदांनी मान्य केलेलं असतं. तरी तिच्या जवळपास एक तृतीयांश सभासद प्रकाशकांकडे पुरेशी व्यवस्था दिसली नाही. आपला तीन चतुर्थांशाहून अधिक मजकूर तीन किंवा जास्त ठिकाणी ठेवणारे सभासद तर एक टक्काही नव्हते.

जाता जाता आयएसएसएनबद्दल. आपल्याकडे महाविद्यालयीन वर्तुळात नियतकालिकाच्या मुखपृष्ठावर आयएसएसएन ठळक छापलेला असतो, कारण पदोन्नतीच्या गुणांच्या काळात त्याला सोन्याचा भाव आला. तो नियतकालिकाचा नोंदणी क्रमांक आहे, एवढंच. त्याने दर्जाची खात्री मिळत नाही, आणि जतनाची तर नाहीच.

फुकट वाचायला मिळणारी नियतकालिकं आधी का जातात?

फिनलंडचे मिकाएल लाक्सो, बर्लिनच्या लीसा मॅथियास आणि जर्मनीतल्या ग्योटिंगेन विद्यापीठ ग्रंथालयाचे नायको यान यांनी मुक्त नियतकालिकांचा, म्हणजे कुणालाही पैसे न देता वाचता येणाऱ्या नियतकालिकांचा शोध घेतला. २००० ते २०१९ या काळात १७४ मुक्त नियतकालिकं वेबवरून पूर्ण नाहीशी झाल्याचं त्यांना आढळलं. कोणताही मोठा विषय किंवा जगाचा कोणताही भाग त्यातून सुटलेला नव्हता.

त्यांची पद्धत पाहण्यासारखी आहे. नाहीशा झालेल्या गोष्टींची यादी कुठेच नसते. म्हणून त्यांनी नियतकालिकांच्या जुन्या सूच्या जमवल्या, त्यांतली नावं आजच्या वेबवर शोधली आणि जी सापडली नाहीत त्यांच्या खुणा वेबॅक मशीन या जुनी वेबपानं साठवणाऱ्या सेवेत धुंडाळल्या. जे नियतकालिक कोणत्याच सूचीत कधी आलं नाही, ते या मोजणीतही नाही. तेव्हा १७४ हा आकडा कमीत कमी समजायचा.

यामागचं कारण पैशाचं आहे. मोठा व्यापारी प्रकाशक वर्गणी घेतो आणि वर्गणी भरणारी ग्रंथालयं त्याला जाब विचारतात: उद्या तुम्ही बुडालात तर आमच्या जुन्या अंकांचं काय? मग प्रकाशक जतनसंस्थेशी करार करतो. मुक्त नियतकालिक बऱ्याचदा एखाद्या विभागातले दोन-तीन अध्यापक हौसेने, संस्थेच्या सर्व्हरच्या कोपऱ्यात चालवतात. वर्गणीदार नाही, म्हणून विचारणाराही नाही. मराठीतली बहुतेक शोधनियतकालिकं याच जातीची आहेत.

दहा ठिकाणी प्रत आणि दहा ठिकाणचा पहारा

स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या ग्रंथपाल व्हिकी राइश आणि अभियंता डेव्हिड रोझेन्थाल यांनी १९९९ मध्ये 'लॉक्स' नावाचा प्रकल्प सुरू केला. भरपूर प्रती असल्या की वस्तू सुरक्षित राहते, हे इंग्रजीतलं वाक्य आखडून ते नाव झालं आहे. छापील नियतकालिकाच्या शेकडो प्रती शेकडो ग्रंथालयांत असत, त्यामुळे एका ग्रंथालयाला आग लागून ते नियतकालिक संपत नसे. डिजिटल काळात ग्रंथालयांकडे प्रत येणंच थांबलं. आली ती प्रकाशकाच्या सर्व्हरवर जाऊन वाचायची परवानगी. राइश यांना प्रत पुन्हा ग्रंथालयांच्या हातात द्यायची होती.

नुसत्या प्रती पुरत नाहीत. डिस्कवरची फाइल आतल्या आत बिघडते आणि कुणी उघडेपर्यंत कळत नाही. म्हणून या व्यवस्थेत वेगवेगळ्या ग्रंथालयांची यंत्रं ठरावीक काळाने एकमेकांशी आपापल्या प्रती ताडून पाहतात. प्रत्येक फाइलचा गणिताने काढलेला एक छोटा ठसा असतो. फाइलमधलं एक अक्षर बदललं तरी ठसा बदलतो. बहुसंख्य यंत्रांचा ठसा जुळला आणि एकाचा वेगळा आला, तर त्या एका यंत्राने इतरांकडून चांगली प्रत घेऊन आपली दुरुस्त करायची.

पुण्याच्या भांडारकर संस्थेचं काम ज्यांना माहीत आहे त्यांना ही रीत ओळखीची वाटेल. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम १९१९ मध्ये सुरू होऊन १९६६ मध्ये पूर्ण झालं आणि त्यासाठी हजाराहून अधिक हस्तलिखितं ताडून पाहिली गेली. काश्मीरपासून केरळपर्यंत लेखनिकांनी स्वतंत्रपणे नकला केल्या होत्या, म्हणून कोणत्या पोथीत काय घुसलं आणि काय गळलं ते कळू शकलं. एकच पोथी उरली असती तर तिच्या चुकाही आपण व्यासांच्या म्हणून वाचल्या असत्या. आणि ५ जानेवारी २००४ रोजी त्याच संस्थेवर हल्ला झाला, तेव्हा एकाच इमारतीत ठेवलेल्या ठेव्याचं काय होऊ शकतं तेही महाराष्ट्राने पाहिलं.

'लॉक्स'मधूनच पुढे 'क्लॉक्स' हा बंद कुलपातला संग्रह निघाला. जगभरातल्या बारा संस्थांत त्याच्या प्रती आहेत आणि एरवी त्या कुणाला वाचता येत नाहीत. प्रकाशकाने नियतकालिक बंद केलं आणि ते दुसरीकडे कुठेच मिळेनासं झालं, की कुलूप निघतं आणि ते सगळ्यांना मोफत खुलं होतं. २००५ मध्ये सुरू झालेली 'पोर्टिको' ही याच क्षेत्रातली दुसरी मोठी संस्था.

आपल्याकडची गोष्ट: डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया

जुनी मराठी पुस्तकं नेटवर शोधणाऱ्याला हे नाव नवं नाही. बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था, हैदराबादची ट्रिपल आयटी, इतर सरकारी संस्था आणि अमेरिकेतलं कार्नेगी मेलन विद्यापीठ यांच्या सहकार्यातून देशभर स्कॅनिंग केंद्रं उभी राहिली आणि लाखो पुस्तकं स्कॅन झाली. सार्वजनिक ग्रंथालयांच्या कपाटांत वाळवीची वाट पाहत बसलेली कितीतरी मराठी पुस्तकं त्यात होती.

२०१७ च्या सुमारास ती साइट बंद झाली. स्वामित्वहक्क अजून चालू असलेली पुस्तकंही संग्रहात शिरली होती, त्यामुळे तक्रारींना जागा होतीच. पण त्याआधीच कार्ल मालामुड या अमेरिकी कार्यकर्त्याने त्यातली लाखो पुस्तकं उतरवून इंटरनेट आर्काइव्ह या अमेरिकेतल्या मोफत डिजिटल ग्रंथालयावर चढवली होती. आज आर्काइव्हवर मराठी पुस्तक सापडलं आणि त्याच्या नोंदीत डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाचं नाव दिसलं, तर ते या मार्गाने तिथे पोचलेलं असतं. करदात्यांच्या पैशाने झालेल्या कामाची प्रत दुसऱ्या देशातल्या एका खासगी ना-नफा संस्थेत उरली. ती उरली याचा आनंद मानायचा, की ती तिथेच का उरली याची लाज वाटून घ्यायची, हे ज्याचं त्याने ठरवावं. मला दोन्ही वाटतं.

प्रत वाचली, पण ती सापडायलाही हवी. त्या संग्रहातल्या पुस्तकांची नावं रोमन लिपीत, ज्याला जशी सुचली तशी टंकलेली आहेत. कुठे शब्द तुटलेत, कुठे लेखकाचं नाव शीर्षकाच्या जागी, कुठे साल चुकलेलं. देवनागरीत शोध घेतला तर काही हाती लागत नाही. स्पेलिंग चार तऱ्हांनी बदलून पाहावं लागतं. पुस्तकाची नीट नोंद करणं हे ग्रंथालयशास्त्राचं सगळ्यात जुनं आणि सगळ्यात कमी कौतुक झालेलं काम आहे. ते वगळून नुसतं स्कॅनिंग केलं तर काय होतं, याचा हा नमुना.

युनिकोड, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांसाठीची एकच सामाईक संकेतपद्धत, रुळण्याआधीच्या मराठी वेबचं दुखणं आणखी वेगळं. तेव्हा प्रत्येक वर्तमानपत्राच्या साइटला आपापला फॉन्ट लागे आणि फॉन्टमागची अक्षरांची मांडणी ज्याची त्याची वेगळी. त्या काळातलं पान आज कुठे जपलेलं सापडलं, तरी फॉन्ट नसेल तर पडद्यावर रोमन अक्षरं आणि चिन्हांचा खिचडा दिसतो. फाइल शाबूत, वाचता मात्र येत नाही. म्हणून ग्रंथपाल फाइलबरोबर ती वाचायची सोयही जपायला सांगतात.

'गुगलवर सगळं असतंच की'

गुगल शोधून देतं, सांभाळत नाही. पूर्वी शोधाच्या निकालाशेजारी पानाची साठवलेली प्रत बघायची सोय होती, ती गुगलने २०२४ मध्ये काढून टाकली. ऑर्कुट २०१४ मध्ये आणि गुगल प्लस २०१९ मध्ये बंद झालं, तेव्हा तिथल्या मराठी गटांत वर्षानुवर्षं झालेल्या चर्चांचं काय करायचं हे त्या गटांना कुणी विचारलं नव्हतं.

'मग इंटरनेट आर्काइव्ह आहे ना?'

आहे, आणि त्याचे उपकार फार मोठे आहेत. ब्रूस्टर केल यांनी १९९६ मध्ये ते स्थापन केलं, आणि जुनी वेबपानं दाखवणारं वेबॅक मशीन २००१ पासून सगळ्यांना खुलं आहे. पण ऑक्टोबर २०२४ मध्ये सायबर हल्ला होऊन ते काही दिवस बंद पडलं होतं. त्याआधी महिनाभर, पुस्तकं स्कॅन करून उसनी देण्याच्या खटल्यात प्रकाशकांविरुद्धचं त्याचं अपीलही फेटाळलं गेलं होतं. शिवाय पासवर्डमागची पानं, शोधखिडकीत काही टाकल्यावरच उमटणारी माहिती, मोठमोठे डेटाबेस यांची नक्कल त्याला धड करता येत नाही.

सरकारी पाठबळ असलेल्या ग्रंथालयांनाही अभय नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये खंडणीखोरांनी ब्रिटिश लायब्ररीची संगणक व्यवस्था पाडली. मुख्य सूची परत दिसायला जानेवारी २०२४ उजाडला आणि इतर सेवा सुरळीत व्हायला त्याहूनही पुष्कळ वेळ गेला. एकाच घरात सगळं ठेवू नये, हा राइश यांचा मुद्दा आर्काइव्हला लागू आहे तसाच ब्रिटिश लायब्ररीलाही.

सरकारनेच पान काढलं तर?

२०२५ च्या जानेवारीअखेर अमेरिकेतल्या सरकारी आरोग्यविषयक साइटांवरून बरीच पानं अचानक उतरवली गेली. त्यातली काही पुढे न्यायालयाच्या आदेशाने परत आली. संशोधकांची धावपळ उडाली. पण हार्वर्डच्या कायदा ग्रंथालयाची प्रयोगशाळा २०२४ पासूनच सरकारच्या खुल्या माहितीच्या मुख्य साइटची नक्कल करत होती. फेब्रुवारीत त्यांनी ती जाहीर केली: ३ लाखांहून अधिक माहितीसंच, सुमारे १६ टेराबाइट. माहिती कुठून, कधी घेतली आणि नंतर तिच्यात फेरफार झालेला नाही, हे दाखवणाऱ्या डिजिटल खुणाही सोबत जोडल्या होत्या. अशा खुणा नसतील तर नक्कल आहे हे खरं, पण ती अस्सल कशावरून, हा प्रश्न उरतोच.

त्याआधी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केल्यावर टफ्ट्स विद्यापीठातल्या संगीत ग्रंथपाल अ‍ॅना कियास आणि इतर दोघांनी हाक दिली आणि हजाराहून अधिक स्वयंसेवक युक्रेनच्या संग्रहालयांच्या, अभिलेखागारांच्या, ग्रंथालयांच्या साइट उतरवून घ्यायला बसले. सर्व्हर असलेल्या इमारतीवर बॉम्ब पडायच्या आत ते काम व्हायचं होतं.

'सगळंच जपायचं कशाला?'

सगळं जपू नये, हे ग्रंथपालांइतकं कुणालाच ठाऊक नसतं. कपाटातली पुस्तकं छाटणं हा त्यांच्या कामाचा जुना भाग आहे. साठवणुकीला वीज लागते, पैसा लागतो, माणसं लागतात. आणि सतरा वर्षांच्या मुलाने रागाच्या भरात लिहिलेली पोस्ट त्याच्या चाळिशीपर्यंत जपण्यात कुणाचं भलं आहे? तो विसरला जाण्याचा हक्क मागत असेल तर तो रास्त आहे.

पण काय जपायचं हे ठरवणं आणि आपोआप गहाळ होणं यांत फरक आहे. आज निवड होते ती सर्व्हरचं बिल कोण भरतं यावर.

ब्रिटनने याचं उत्तर कायद्यात शोधलं. छापील पुस्तकाची प्रत ठरावीक ग्रंथालयांना देण्याचं प्रकाशकांवरचं जुनं बंधन तिथे एप्रिल २०१३ पासून वेबसाइटांनाही लागू झालं, त्यामुळे ब्रिटिश वेबची नियमित नक्कल घ्यायचा ग्रंथालयांना हक्क मिळाला. आपला कायदा १९५४ चा. त्यानुसार प्रत्येक छापील पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई, दिल्ली इथल्या ठरलेल्या ग्रंथालयांना द्यायची असते. १९५६ मध्ये त्यात वर्तमानपत्रं आली. वेबसाइट किंवा फक्त ऑनलाइन निघणारा दिवाळी अंक त्यात बसत नाही. कागदावर दोनशे प्रती निघालेल्या कवितासंग्रहाला कायद्याचं छत्र आहे आणि लाखभर वाचकांनी वाचलेल्या ऑनलाइन लेखमालेला ते नाही.

तुम्ही लिहीत असाल, संपादन करत असाल तर

कायदा बदलेपर्यंत काही कामं आपल्या हातातली आहेत. प्रबंधात किंवा लेखात वेबपानाचा संदर्भ द्याल, तेव्हा वेबॅक मशीनच्या 'सेव्ह पेज नाऊ' या खिडकीत तो पत्ता टाका. तयार झालेल्या प्रतीचा पत्ता मूळ पत्त्याशेजारी, पाहिल्याच्या तारखेसह द्या. 'पीडीएफ माझ्या कॉम्प्युटरवर आहे' हे पुरेसं नाही. तुम्हाला ती दिसते, वाचकाला दिसत नाही, आणि तळटीप वाचकासाठी असते. सर्वेक्षणाची माहिती, मुलाखतींचे परवानगी असलेले मजकूर, नकाशे असं काही असेल, तर झेनोडो ही सर्न या संशोधनसंस्थेची सेवा मोफत साठवून डीओआयही देते.

नियतकालिक चालवणाऱ्यांना एक मार्ग फारसा माहीत नाही. अनेक विद्यापीठं ओजेएस नावाचं मोफत सॉफ्टवेअर वापरून नियतकालिकं काढतात. ते बनवणाऱ्या कॅनडातल्या गटाने 'लॉक्स'च्या तंत्रावर एक जतनजाळंही उभं केलं आहे. आयएसएसएन असलेलं आणि ओजेएसवर चालणारं नियतकालिक त्यात पैसे न भरता सामील होऊ शकतं. आपलं नियतकालिक कुणी सांभाळतंय का हे पाहायला पॅरिसच्या आयएसएसएन केंद्राची 'कीपर्स रजिस्ट्री' आहे. तिथे तो मुखपृष्ठावरचा आयएसएसएन टाकायचा. कोणत्या जतनसंस्थेकडे कोणत्या वर्षांचे अंक आहेत ते दिसतं. तिथे तुमच्या नियतकालिकासमोर एकही नाव आलं नाही, तर संपादक मंडळाच्या पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेत तो विषय पहिला घाला. आणि साइटचा पासवर्ड निदान दोघांकडे आहे ना, हे त्याच बैठकीत विचारून घ्या.